आरए निगेटिव्ह, तरी संधिवातच

सुरुवात दुधाच्या पिशवीपासून झाली. पहाटे साडेपाचला ती फाडताच येईना. बोटं लाकडासारखी, अंगठी अडकलेली. सासूबाई म्हणाल्या, "वात आहे. आंबट बंद कर." त्यांचे गुडघे जिने चढून संध्याकाळी दुखतात, माझी बोटं झोपून उठल्यावर. पण आमच्याकडे दोन्हीला वातच म्हणतात.

जवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. युरिक ॲसिड नॉर्मल, आरए फॅक्टर, म्हणजे संधिवातासाठीची रक्तचाचणी, निगेटिव्ह. "संधिवात नाही," म्हणाले. मग पेनकिलर आणि निरगुडीचा पाला यावर पाच महिने काढले. त्या पाच महिन्यांचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी परळला रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेले. हाडांचे डॉक्टर वेगळे आणि हे वेगळे, हेसुद्धा तेव्हाच कळलं.

"सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात?"

"गाडी कुर्ला सोडेपर्यंत."

मी भांडुपहून पावणेआठच्या सुमाराची स्लो लोकल पकडते. त्यांनी हिशेब केला, अडीच तास. झिजेच्या संधिवातात सांधा सहसा अर्ध्या तासात सुटतो, म्हणाले. मग माझा पंजा बोटांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी दाबला. मी ओरडलेच.

पुढचे प्रश्न ऐकून वाटलं, डॉक्टर दुसऱ्याच कुणाची केस बघतायत. डोळे कोरडे पडतात? उन्हात चेहऱ्यावर चट्टे? थंडीत बोटं पांढरी पडतात? नखांवर बारीक खड्डे आहेत का, ते बॅटरी लावून पाहिलं. ल्युपस, स्जोग्रेन, सोरायसिसचा संधिवात, प्रतिकारशक्ती बिघडून होणारे हे आजार सगळेच बोटांतून डोकं वर काढू शकतात म्हणे. चिकुनगुनिया झाला होता का, हेही विचारलं. तो ताप गेल्यावरही सांधे महिनोन् महिने धरून ठेवतो.

अँटी-सीसीपी नावाची दुसरी रक्तचाचणी चांगलीच पॉझिटिव्ह आली. रुमेटॉइड आर्थरायटिस. आरए फॅक्टर दहांतल्या दोन-तीन रुग्णांत निगेटिव्हच येतो, आणि कधी धडधाकट म्हाताऱ्यांत पॉझिटिव्ह. प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. का, याला एकच एक उत्तर नाही. घराण्यातला कल असतो, सिगारेटनं धोका वाढतो. आंबटाचं काय, हे मी मुद्दाम विचारलं, सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. "खा की," डॉक्टर म्हणाले.

त्यावर मेथोट्रेक्सेटची गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची. केमिस्टच्या पोऱ्यानं सवयीनं पाकिटावर 'रोज' लिहून दिलं. तिथल्या तिथे खोडायला लावलं. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. दर रविवारी कॅलेंडरवर गोल, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, ठरल्या वेळी रक्त आणि लिव्हरची तपासणी. पहिले दीड-दोन महिने काहीच फरक नव्हता.

दहाव्या आठवड्यात लोकलच्या दांड्याभोवती मूठ कुर्ल्याच्या आधी, विक्रोळीलाच वळली. अंगठी अजून कपाटात आहे.