पायऱ्यांचे गुण

नागपूर, रविवार

नवतपा सुरू झाला आहे. कूलरमध्ये दोनदा पाणी भरूनही धरमपेठेतली ही वरच्या मजल्यावरची खोली तापलेलीच होती, म्हणून पडदे ओढून श्रीनिवास रामानुजन यांच्या जीवनावरचा २०१५ सालचा चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी बोटीचा प्रवास, महायुद्ध आणि आजारपण एवढेच मनात राहिले होते. आज मात्र माझे लक्ष केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांनी पुनःपुन्हा मागितलेल्या सिद्धतेवर खिळून राहिले. तीस वर्षे शाळेत गणित शिकवल्याचा तो परिणाम असावा.

मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकुनी करणाऱ्या रामानुजन यांनी जानेवारी १९१३ मध्ये हार्डींना पत्र पाठवले, त्यात सूत्रे पानोपानी होती, पण ती कशी मिळाली हे फारसे नव्हते. पुढच्या वर्षी ते केंब्रिजला पोहोचले आणि पडद्यावरचा झगडा सुरू झाला. त्यात हार्डी अनेकांना रुक्ष वाटतात. मला तसे वाटत नाही. मूळ संख्यांविषयीचा रामानुजन यांचा एक दावा खरोखरच चुकीचा निघाला होता, आणि लहान संख्यांसाठी त्याची उत्तरे इतकी जवळ येत की नुसते मोजून ती चूक सापडणे शक्य नव्हते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. उत्तर बरोबर, पायऱ्या कोऱ्या. विचारले की म्हणायचा, "मॅडम, ते दिसतंच." मी दरवेळी पायऱ्यांचे गुण कापले आणि वही परत केली. नियम चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. पण हार्डी नुसते मागून थांबले नाहीत. ते त्या तरुणाबरोबर वर्षानुवर्षे बसले, आणि विभाजनांच्या संख्येचे, म्हणजे एखादी संख्या किती प्रकारे बेरजेत मोडता येते याचे, १९१८ चे सूत्र दोघांच्या नावावर आहे. मी त्या मुलाजवळ एक दुपारही बसले नाही, हे आज फार लागले.

घरापासून दूर असण्याचे दुःख चित्रपटाने रामानुजन यांची पत्नी जानकी हिच्या पत्रांतून दाखवले आहे. तिथे ती तरुण स्त्री दिसते. प्रत्यक्षात १९०९ मध्ये लग्नाच्या वेळी ती दहा वर्षांची होती, आणि हा बदल मला पटला नाही. त्यापेक्षा, युद्धकाळात भाजीपाला मिळेनासा झालेल्या परक्या गावात स्वतःचे शाकाहारी जेवण स्वतः रांधणारा माणूस अधिक खरा वाटला. १९१९ मध्ये ते परतले आणि पुढच्या एप्रिलमध्ये, बत्तिसाव्या वर्षी गेले.

संध्याकाळी डब्यातले चिंचोके काढून विभाजने मांडत बसले. चार चिंचोक्यांचे गट पाच प्रकारे पडतात. शंभरांचे १९,०५,६९,२९२ प्रकारे पडतात. सातपर्यंत गेले तेव्हा प्रकार पंधरा यायला हवे होते, माझे चौदाच भरले. शेवटी कागद घेऊन मोठ्या गटापासून क्रमाने एकेक ओळ लिहीत गेले, तेव्हा राहिलेला सापडला: ३ + २ + २.