२५,५५० डॉलर आणि माझा नवरा

नवऱ्याला अमेरिकेत आणायचं म्हटलं की लोक मुलाखतीची भीती घालतात. फोटोंचा गठ्ठा ने, खोदून खोदून विचारतात, एकमेकांच्या आवडीनिवडी पाठ करून ठेवा, वगैरे. आमच्या लग्नाबद्दल कोणाला काडीची शंका आली नाही. शंका निघाली ती मी त्याला पोसू शकेन का याची, आणि तीही कुणा माणसाने काढली नाही, आय-८६४ नावाच्या हमीपत्राच्या फॉर्मने काढली. त्या फॉर्मवरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

मी न्यू जर्सीत राहते, इथली नागरिक आहे. नवरा कोल्हापूरचा, नोकरीही तिथेच. आय-१३० हा नात्याचा अर्ज मंजूर झाला, प्रकरण व्हिसाची कागदपत्रं तपासणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेलं, व्हिसाचे ३२५ आणि हमीपत्राचे १२० डॉलर ऑनलाइन भरले. डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज नवऱ्याने एका बैठकीत भरला. पोलीस क्लिअरन्स, जन्मदाखल्याचं इंग्रजी भाषांतर, लग्नाचा दाखला हे सगळं निमूट झालं.

आणि मग हमीपत्र.

नियम वाचायला सोपा आहे. सरकार दरवर्षी दारिद्र्यरेषेचे आकडे जाहीर करतं आणि त्याच्या १२५ टक्के उत्पन्न स्पॉन्सरचं, म्हणजे हमी देणाऱ्याचं, हवं. घरात माणसं किती यावर आकडा ठरतो, आणि येणारा माणूसही त्यात धरायचा. आमचं घर दोघांचं. २०२४ साली दोघांसाठी रेषा २०,४४० डॉलर होती, म्हणजे मला २५,५५० दाखवायचे होते. (२०२५ साली तोच आकडा २६,४३७ झाला. आय-८६४पी या तक्त्यात सगळं मिळतं. कुठल्यातरी ग्रुपवर कुणीतरी टाकलेला जुना आकडा धरू नका.)

माझा केटरिंगचा धंदा आहे. उकडीचे मोदक, पुरणपोळ्या, दिवाळीचा फराळ, मुंजी-बारशाची जेवणं. वर्षाची उलाढाल साठ हजारांच्या वर. पण फॉर्मला उलाढालीशी देणंघेणं नाही. तो टॅक्स रिटर्नमधला एकूण उत्पन्नाचा रकाना बघतो, १०४० फॉर्मवरची नववी ओळ, आणि स्वतःचा धंदा असला की तिथे खर्च वजा जाऊन उरलेला नफाच येतो. त्या वर्षी मी एक जुनी व्हॅन आणि मोठा फ्रीझर घेतला होता. आमच्या सीपीएने, म्हणजे टॅक्स भरून देणाऱ्या अकाउंटंटने, कलम १७९ लावून दोन्हींची पूर्ण किंमत त्याच वर्षी खर्चात टाकली, टॅक्स वाचवला, आणि मी त्याला फराळाचा डबा पाठवला होता. नववी ओळ आली १६,४०० डॉलर. बँकेत पैसे होते, ऑर्डरी डिसेंबरपर्यंत भरलेल्या होत्या, भाड्याचं किचन जोरात चाललं होतं, आणि कागदावर मी नवऱ्याला दोन वेळचं जेवू घालायलाही नालायक. दिवसाला शंभर-दीडशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला!

नोकरदारांना हा ताप नसतो. ज्यांचं सगळं उत्पन्न डब्ल्यू-२ वर, म्हणजे पगाराच्या वार्षिक दाखल्यावर, आहे आणि एकाच माणसाला आणायचंय, त्यांच्यासाठी आय-८६४ईझेड हा छोटा फॉर्म आहे, तो भरून सुटा.

नवऱ्याचा पगार मोजता येईल का, हा पुढचा प्रश्न. नाही. तो इथे आल्यावरही त्याच ठिकाणाहून तेच उत्पन्न चालू राहणार असेल तरच मोजतात. कोल्हापूरची नोकरी सोडून येणाऱ्याचा पगार शून्य.

मग मालमत्ता. उत्पन्न कमी पडलं तर तूट मालमत्तेतून भरून काढता येते. साधारण नियम तुटीच्या पाचपटीचा आहे, पण नागरिकाचा नवरा किंवा बायको असेल तर तिप्पट पुरते. माझी तूट ९,१५० डॉलर, तिप्पट २७,४५०, म्हणजे तेव्हाच्या भावाने तेवीस लाखांच्या आसपास. येणाऱ्या माणसाची भारतातली मालमत्ताही चालते, आणि पैसे देशाबाहेर नेता येतात हे दाखवायला रिझर्व्ह बँकेची माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा पुरेशी आहे. हे वाचून आम्ही दोघं खूष. त्याचा राजारामपुरीत फ्लॅट आहे, कागलजवळ थोडी शेती आहे, एफडी आहे. तेवीस लाख म्हणजे काय विशेष!

पण मालमत्ता वर्षाच्या आत रोख करता यायला हवी, आणि तीही घरच्यांना फार झळ न लागता. शेतीच्या सातबाऱ्यावर तीन चुलत्यांची नावं, वाटणी झालेली नाही. ती बाद. फ्लॅटवर गृहकर्ज, ते वजा करून उरेल तेवढीच किंमत, आणि त्या फ्लॅटमध्ये सासूबाई राहतात. नवरा मूल्यांकनासाठी व्हॅल्युअर घेऊन घरी गेला, तेव्हा त्यांनी चहा केला, पोहे केले, आणि व्हॅल्युअर टेप घेऊन बेडरूममध्ये शिरल्यावर नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "घर विकताय का रे?" त्याने समजावलं की नुसतं कागदावर दाखवायचंय. त्या म्हणाल्या, "कागदावर विकलं की खरंच विकायला कितीसा वेळ लागतोय!" त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. राहतं घर 'विकता येईल' म्हणून दाखवायचं आणि त्यात म्हातारी आई राहते हेही लिहायचं, हे मलाही पटेना. अहवाल फाइलला लावून ठेवला. एफडी नऊ लाखांची. पीपीएफ कुलूपबंद. सोन्याचा विषय मी काढलाच नाही.

म्हणजे जॉइंट स्पॉन्सर: माझ्या जोडीला स्वतःचं हमीपत्र देणारा दुसरा कुणीतरी.

इथे दोन गोष्टी आधीच सांगते, कारण फोनवर मला सगळे हेच विचारतात. एक, जॉइंट स्पॉन्सरचं आणि तुमचं उत्पन्न एकत्र करता येत नाही, त्याने एकट्याने १२५ टक्के गाठायचे. दोन, जॉइंट स्पॉन्सर मिळाला तरी तुमचा स्वतःचा आय-८६४ भरावाच लागतो, उत्पन्न शून्य असलं तरी. एकाच घरात राहणाऱ्या आईवडील, भावंडांचं उत्पन्न मात्र आय-८६४ए भरून तुमच्यात मिळवता येतं. माझ्या घरात तसं कुणी नाही.

पहिलं नाव बाबांचं. ते नागरिक आहेत, पेन्शन आहे. पण निवृत्त झाल्यावर साताऱ्याला घर बांधून तिकडेच रमलेत, आणि स्पॉन्सरचं कायमचं बिऱ्हाड अमेरिकेत असावं लागतं. बाबांचं बिऱ्हाड शाहूपुरीत, अंगणात दोन हापूस लावलेत. संपला विषय.

दुसरं नाव एडिसनच्या काकांचं. उत्पन्न भरपूर, घर फेडून झालेलं, लग्नात अंतरपाट धरायला तेच उभे होते. मी घरी गेले, श्रीखंड घेऊन गेले. काका लगेच म्हणाले, "अगं, सही काय, दहा ठिकाणी करतो." काकूंनी चष्मा लावला आणि फॉर्म वाचायला घेतला. सगळा. कराराची कलमंसुद्धा. मी आजवर त्यांच्याइतका बारकाईने तो फॉर्म वाचणारं कुणी पाहिलेलं नाही, वकील धरून.

कारण तो फॉर्म दिसतो साधा, पण आहे करारनामा. १९९६ च्या कायद्याने या हमीपत्राला कोर्टात टिकणाऱ्या कराराचं बळ आलं. आलेल्या माणसाला १२५ टक्क्यांच्या पातळीवर ठेवायची जबाबदारी सही करणाऱ्याची. आलेल्या माणसाने कमी उत्पन्नावर मिळणारी काही ठरावीक सरकारी मदत घेतली तर ते खातं स्पॉन्सरकडून वसुली मागू शकतं. हे कधी संपतं? तो नागरिक झाला, किंवा कामाच्या चाळीस तिमाह्या त्याच्या खात्यावर जमा झाल्या, किंवा तो देश कायमचा सोडून गेला, किंवा वारला.

"आणि घटस्फोट झाला तर?" काकूंनी विचारलं.

लग्नाला वर्ष झालेलं नव्हतं. मी श्रीखंडाची वाटी हातात धरून बसलेले. म्हटलं, "घटस्फोटाने संपत नाही, काकू." आणि ते खरंच आहे. घटस्फोटानंतरही या कराराच्या जोरावर त्या माणसाला स्पॉन्सरवर कोर्टात जाता येतं.

काकूंनी चष्मा काढला. काका म्हणाले, "आमच्या सीपीएला एकदा विचारून घेतो." मराठी घरात या वाक्याचा अर्थ काय ते मी सांगायला नको. मला राग आला नाही असं म्हणणार नाही, चांगलाच आला. घरी येताना गाडीत मी मोठमोठ्याने भांडत आले, एकटीच. पुढे विचार केल्यावर कळलं की काकांना पैशाची भीती नव्हतीच. टॅक्सचा ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या रिटर्नचा सरकारी उतारा), पगाराच्या स्लिपा हे सगळं माझ्या लॉगिनमधून अपलोड होणार होतं, म्हणजे काकांचं उत्पन्न पुतणीला कळणार होतं. आपल्याकडे माणूस जीव देईल, पगार सांगणार नाही.

नंतर आणखी काही जणांना विचारलं. प्रत्येकाचा सीपीए निघाला.

मावसभावाचं नाव मला सुचलंच नव्हतं. वय चोवीस, शिक्षण संपवून नुकता ऑस्टिनमध्ये नोकरीला लागलेला, माझ्या डोक्यात तो अजून दात पडलेला मुलगा. मावशीशी बोलताना मी रडगाणं गात होते आणि तो मागून ओरडला, "ताई, मला पीडीएफ पाठव." मी म्हटलं, तू नुकता लागलास. तर त्याचं पहिल्या अर्ध्या वर्षाचंच उत्पन्न अडतीस हजार! आणि लग्न नाही, मूल नाही, त्यामुळे त्याच्या घरची माणसं म्हणजे तो आणि माझा नवरा, पुन्हा दोनच. रूममेट मोजत नाहीत. काकांच्या घरी काकू आणि कॉलेजातली मुलगी धरून चार झाले असते. तर अनुभवाचा सल्ला हा: मोठ्या पगाराच्या, मोठ्या मानाच्या नातेवाइकांच्या पायऱ्या झिजवण्याआधी ओळखीतलं अविवाहित, कमावतं पोर शोधा. नातेवाईक असायचीही गरज नाही, अठरा वर्षांवरचा नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला आणि राहायला इथे, एवढं पुरे.

तरी मी त्याला करार फोनवर वाचून दाखवला, सगळा, काकूंचा प्रश्न धरून. अंधारात ठेवून सही घेणं मला जमलं नसतं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "ठीक आहे, पण दर दिवाळीला चकल्या." मावशीने मात्र फोन घेऊन मला बाजूला विचारलं, "जावई कामाचा आहे ना गं?"

त्याची कागदपत्रं: पासपोर्टची प्रत, आयआरएस या टॅक्स खात्याच्या साइटवरून फुकट मिळणारा टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, डब्ल्यू-२, सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. कंपनीचं पत्रही मागितलं, त्यात हुद्दा होता, रुजू झाल्याची तारीख होती, पगारच नव्हता. स्लिपांनी भागलं. सही हाताने करून स्कॅन करा, टाइप केलेली सही चालत नाही. आणि लग्न झालेल्यांनी टॅक्स भरताना 'सिंगल' लिहू नका, नवरा भारतात असला तरी तुम्ही विवाहितच. ट्रान्सक्रिप्टवर ते ठळक दिसतं. मी 'विवाहित, वेगळं रिटर्न' भरलं होतं.

अजून एक आठवलं. कुणी तुम्हाला "१०० टक्के पुरतात" असं छातीठोक सांगेल. ते वाग्दत्त वराच्या किंवा वधूच्या के-१ व्हिसाला, आय-१३४ फॉर्मवर, किंवा स्पॉन्सर लष्करात सेवेत असून जोडीदाराला आणत असेल तर. आपल्याला १२५.

पुढचं भरभर झालं. कागद पूर्ण असल्याचा निरोप आला, मुलाखतीची तारीख आली, मुंबईत मेडिकल झालं, बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली. अधिकाऱ्याने माझा फॉर्म बघून विचारलं, बायकोचं उत्पन्न कमी का? नवऱ्याने सांगितलं, तिने व्हॅन घेतली. मग मावसभावाचा ट्रान्सक्रिप्ट उलटून बघितला, हा कोण म्हणून विचारलं, आणि फाइल मिटली. व्हॅल्युअरचा अहवाल कुणी मागितलाच नाही. सासूबाईंना मी तो फाडून टाकायला सांगितलं, पण त्यांनी जपून ठेवलाय, फ्लॅटची किंमत त्यांना आवडली.

निघण्याआधी ग्रीनकार्डची २३५ डॉलर फी ऑनलाइन भरा. लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत पक्क्या कार्डासाठीचा आय-७५१ भरायचा.

आणि हे बहुतेक कुणाला ठाऊक नसतं: स्पॉन्सरने घर बदललं की तीस दिवसांत आय-८६५ भरून नवा पत्ता कळवावा लागतो. तुम्हीही आणि जॉइंट स्पॉन्सरनेही. फी नाही, पण नाही कळवलं तर २५० डॉलरपासून पुढे दंड होऊ शकतो. मावसभाऊ नुकताच डेन्व्हरला गेलाय. म्हणतो, ताई, अजून खोकी उघडायचीत. मी सांगितलंय, खोकी राहू देत, आधी फॉर्म भर, मग चकल्यांचं बोलू.