क्रिप्टोत पैसे घालण्याआधी नेमकं किती कळायला हवं?

मायनिंग कसं चालतं, हॅश कशाला म्हणतात, हे न कळताही बिटकॉइन घेता येतो आणि त्यामुळे फारसं काही बिघडत नाही. नवख्यांचे पैसे जातात ते करात, कॉइन दुसऱ्याच्या ताब्यात ठेवण्यात आणि पाठवताना झालेल्या चुकांत. म्हणून अभ्यासाची सुरुवात ब्लॉकचेनपासून नको, करापासून करा.

भारतात 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, वर 4 टक्के सेस. तुमचा स्लॅब 5 टक्क्यांचा असला तरी इथे 30च. समजा, 1 लाखाला घेतलेला कॉइन 1 लाख 40 हजारांना विकला. नफा 40,000, कर 12,000, सेस 480, एकूण 12,480 रुपये. त्याच वर्षी दुसऱ्या कॉइनमध्ये 40,000 बुडाले, म्हणजे हातात नफा शून्य. तरीही 12,480 भरावेच लागतात, कारण एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. शेअर बाजारातून येणाऱ्यांना हे पटतच नाही, आणि मार्चअखेर हिशोब मांडला की धक्का बसतो. एक कॉइन देऊन दुसरा घेणं हीसुद्धा विक्रीच. खात्यात रुपये आले नाहीत म्हणून कर चुकत नाही.

त्यात विक्रीच्या रकमेवर 1 टक्का टीडीएस, म्हणजे विकतानाच कापून घेतला जाणारा कर. तो नंतर करातून वळता होतो, पण तोवर भांडवल अडकतं. 1 लाख रुपये 50 वेळा फिरवले, म्हणजे 50 वेळा कॉइन घेऊन विकला, भाव जागचा हलला नाही असं धरलं, तरी हातात साधारण साडेसाठ हजार उरतात. माझं स्पष्ट मत: भारतात नवख्याने रोजचं ट्रेडिंग करूच नये.

भाव वाचण्याबद्दल एकच गोष्ट, पण पक्की हवी. ‘कॉइन रुपयाहूनही कमी, पैशांच्या भावात मिळतोय, एक रुपया झाला तर?’ हा प्रश्न फसवा आहे. भावाला चलनातल्या एकूण कॉइनच्या संख्येने गुणा. शिबा इनू या कॉइनचंच बघा, त्याचे सुमारे 589 लाख कोटी कॉइन आहेत. तो एक रुपयाला जायचा तर त्याची एकूण किंमत 589 लाख कोटी रुपये व्हायला हवी; भारताचा 2024-25 चा जीडीपी 330 लाख कोटींच्या आसपास आहे. आणि बिटकॉइनसुद्धा नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरच्या आसपास होता, तो वर्षभरात 16 हजारांच्या खाली आला. एवढी घसरण सोसून झोप लागेल, तेवढीच रक्कम घाला. कर्ज काढून तर अजिबात नको.

आता ताबा. एक्स्चेंजच्या, म्हणजे कॉइन खरेदी-विक्रीच्या कंपनीच्या, अ‍ॅपवर दिसणारा आकडा म्हणजे ‘आम्ही तुमचं एवढं देणं लागतो’ असं तिने सांगणं. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे 23 कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले. त्यामुळे एक्स्चेंज एफआययूकडे (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा) नोंदलेलं आहे का, आणि तिथून कॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये (ज्याची किल्ली फक्त तुमच्याकडे असते असं अ‍ॅप किंवा यंत्र) काढता येतो का, हे खातं उघडण्याआधी बघा. काही अ‍ॅपमध्ये काढताच येत नाही. टेलिग्रामवरच्या ग्रुपने दिलेलं अ‍ॅप मोठा नफा दाखवून ‘आधी टॅक्स भरा, मग पैसे काढा’ म्हणालं, तर ती शंभर टक्के फसवणूक. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तयारी झाली की नाही, हे एका फेरीत कळतं. तीन हजार रुपयांचा यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेला कॉइन) घ्या आणि स्वतःच्या वॉलेटमध्ये पाठवा. काढण्याची फी आधी वाचा. दोन्हीकडे नेटवर्क, म्हणजे कॉइन ज्या ब्लॉकचेनवरून जातो ती, एकच निवडा: ट्रॉनचा पत्ता टी अक्षराने सुरू होतो, इथेरियमचा 0x ने. बीएनबी चेनचा पत्ताही 0x नेच सुरू होतो, आणि गोंधळ तिथेच होतो. मग तो एक्स्चेंजवर परत पाठवा. त्या वेळी ट्रॉनवर फीसाठी थोडा टीआरएक्स, म्हणजे ट्रॉनचा स्वतःचा कॉइन, लागतो. तो नसेल तर यूएसडीटी डोळ्यांना दिसतो, पण हलत नाही. वॉलेट उघडताना मिळणारे 12 किंवा 24 शब्द हीच त्याची किल्ली; ते कागदावर लिहा, फोटो काढू नका, कारण तो आपोआप क्लाउडवर चढू शकतो. शब्द हरवले तर ते परत मिळवून देणारं कस्टमर केअर कुठेही नाही.

मग विका. कापलेला टीडीएस पुढे 26एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या तुमच्या करनोंदीच्या उताऱ्यात, दिसतो का ते तपासा, आणि खरेदी-विक्रीच्या तारखा व रकमा वहीत टिपून ठेवा. रिटर्नच्या व्हीडीए (क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तांच्या) शेड्यूलमध्ये प्रत्येक विक्रीसाठी त्या लागतात.