नवा पंप कशाने मेला?

नेरूळहून आलेल्या त्या गाडीच्या फाइलमध्ये सगळ्यात वरचं बिल सेकंडरी एअर पंपाचं होतं, फेब्रुवारीचं. जुलैत गाडी आमच्या गॅरेजला आली तेव्हा चेक इंजिनचा दिवा पुन्हा पेटलेला होता. स्कॅनर लावला तर कोडही तेच दोन होते, पी०४९१ आणि पी०४९२.

गाडीच्या मालकीणबाईंची पॅथॉलॉजी लॅब आहे. सकाळी सहाला सोसायटीतून निघावं लागतं, त्यामुळे गाडी रोज पूर्ण गार असतानाच सुरू होते. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी जॉबकार्डावर लिहून घेतली. "दादा, पूर्वी गाडी सुरू केली की पुढून मिनिटभर घूं असा आवाज यायचा. नवा पंप बसवल्यावर तो परत सुरू झाला. मेच्या शेवटापासून पुन्हा गप्प आहे." असं सांगणारं गिऱ्हाईक क्वचित मिळतं. अर्धं काम तिथेच झालं होतं.

तो आवाज त्या पंपाचाच. गार इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. त्यातलं बरंचसं अर्धवट जळून बाहेर पडतं आणि त्याच वेळी धुराच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गार असतो. तो साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणून मोठ्या इंजिनाच्या काही गाड्यांत विजेवर चालणारा पंप पहिला मिनिट-दीड मिनिट बाहेरची हवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या लगेच पुढे, धुराच्या वाटेत सोडतो. न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड तिथल्या तिथे जळतं आणि त्या आचेवर कन्व्हर्टर झटपट तापतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हा पंप नसतो. तिथे कन्व्हर्टर इंजिनाला अगदी लागून बसवतात आणि ठिणगी जरा उशिरा देऊन धूर गरम ठेवतात. त्यामुळे पुष्कळ चांगल्या मेकॅनिकांच्याही हाताखालून ही सिस्टीम गेलेली नसते.

कोड फक्त एवढंच सांगतो, की हवा कमी पोचली. का, ते आपण शोधायचं. ही गाडी व्ही-सिक्स, म्हणजे सिलिंडरच्या दोन बाजू. प्रत्येक बाजूला हवा आत सोडणारा एक कॉम्बी व्हॉल्व्ह, पंप मात्र दोघांत एकच. दोन्ही बाजूंचे कोड एकदम आले तर संशय सामायिक भागावर घ्यायचा. फ्यूज, रिले, पंप, मुख्य पाइप, नाहीतर दोन्ही व्हॉल्व्ह उघडण्यासाठी त्यांना व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनाची ओढ, देणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह, सोलेनॉइड.

फ्यूज उडालेला निघाला. नवा टाकून स्कॅनरवरून पंप चालवून पाहिला, तर तो कण्हला आणि फ्यूज पुन्हा उडाला. पंप खाली उतरवून उलटा धरला आणि त्यातून काळं पाणी गळलं. माझ्या हाताखालचा मुलगा म्हणाला, "पावसाचं पाणी शिरलं असणार." आधीच्या गॅरेजनेही फेब्रुवारीत बाईंना हेच सांगितलं होतं, की मागच्या पावसाळ्यात पाणी गेलं होतं. आमच्या तुर्भ्यात एपीएमसी बाजाराच्या रस्त्यावर एका दमदार सरीत किती पाणी साचतं ते आम्ही दर वर्षी बघतो, आणि या गाडीचा पंप बसतोही खाली. कुणालाही पटेल असं कारण.

पण बाई ठाम होत्या. गाडी इमारतीखाली, स्टिल्टमध्ये उभी असते आणि पाण्यातून त्यांनी ती कधीच घातलेली नाही. पंपही त्यांच्याच बाजूने बोलत होता. बाहेरचं पाणी शिरलं तर ते हवा आत घेण्याच्या तोंडाने शिरतं आणि मागे चिखलाची पुटं ठेवून जातं. इथे ते तोंड स्वच्छ, कोरडं होतं. गंज आणि काजळी होती ती हवा बाहेर सोडण्याच्या तोंडाकडे, आणि वास स्पष्ट सायलेन्सरचा. म्हणजे पाणी इंजिनाकडून उलटं आलं होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. एरवी ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. त्यातलं थोडंसं जरी रोज पंपाच्या गार नळीत जाऊन पाणी होत राहिलं, तरी पंप काही महिन्यांत खलास.

धूर उलटा येऊ नये हे काम कॉम्बी व्हॉल्व्हचं. दोन्ही व्हॉल्व्ह काढले. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ओढून बघितलं तर दोन्ही उघडले, व्हॅक्यूम धरून राहिले, सोडल्यावर घट्ट मिटले. मिटलेल्या व्हॉल्व्हमधून फुंकर मारली, तीही पलीकडे जाईना. दोन्ही निर्दोष.

इथे थांबून विचार करणं भाग होतं. अशा वेळी नवा पंप, वर खात्रीसाठी दोन नवे व्हॉल्व्ह घालून मोठं बिल करता आलं असतं आणि गाडी काही महिने चाललीही असती. व्हॉल्व्ह परत बसवले, पंपाकडची नळी मोकळी ठेवली आणि तापलेलं इंजिन आयडलला सोडून नळीच्या तोंडाशी तळहात धरला. काही नाही. बाजूला होणार होतो, पण नजर स्कॅनरवरच्या फ्युएल ट्रिमवर, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर (ईसीयू) पेट्रोलात जी वाढ-घट करत असतो तिच्यावर गेली. दोन्ही बाजूंना ती हळूहळू वर सरकत होती, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरला कुठूनतरी जास्तीची हवा दिसत होती. पुन्हा हात धरला. आता तळव्यावर धुराचे गरम ठोके बसत होते. प्रत्येक दोन ठोक्यांमध्ये नळी बाहेरची हवा आत ओढत होती, आणि तीच हवा सेन्सरला फसवत होती. व्हॉल्व्हची व्हॅक्यूम नळी उपसली आणि ठोके तत्क्षणी थांबले.

मग त्या नळीत मीटर जोडला. सोलेनॉइडचा विजेचा कनेक्टर काढून ठेवला होता, तेव्हा सुई शून्यावर बसायला हवी. ती आधी शून्यावरच होती आणि मग हळूहळू चढायला लागली. घाई केली असती तर हे दिसलंच नसतं. सोलेनॉइडच्या आतली झडप जिथे मिटते ती सीट झिजून अगदी थोडा व्हॅक्यूम पाझरत होता. एवढ्याने एरवी काही बिघडत नाही, कारण वीज बंद असताना सोलेनॉइड ती नळी एका छोट्या तोंडाने बाहेरच्या हवेला उघडी ठेवतो आणि पाझरलेला व्हॅक्यूम तिथे मरतो. त्या तोंडावर स्पंजची करंगळीच्या नखाएवढी फिल्टर असते. ती चिमट्याने काढली, तर तुर्भ्याच्या धुळीने आणि तेलाने तिचा दगड झालेला. फिल्टर काढताच सुई शून्यावर पडली.

म्हणजे वाट बुजल्यामुळे पाझरलेला व्हॅक्यूम साठत राहायचा, पंप बंद असतानाही व्हॉल्व्ह उघडायचे आणि रोज सगळा प्रवासभर ओला धूर पंपाच्या अंगावर जायचा. पहिला पंप असाच मेला होता, दुसराही.

मी बाईंना बोलावून सगळं त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखवलं. त्यांनी मला सरळ विचारलं, "एक जण म्हणाला, ईसीयूतून ही सिस्टीमच बंद करून देतो, दिवा परत पेटणार नाही. तसं केलं तर काय बिघडतं?" प्रश्न रास्त होता, कारण पीयूसीत याने काही फरक पडत नाही. ती तपासणी तापलेल्या इंजिनावर होते आणि तोवर कन्व्हर्टर कामाला लागलेला असतो. या गाडीचा धूर तिथे पासच झाला होता. पण सकाळी सहाला त्यांच्या स्टिल्टमध्ये, जिथे वॉचमन झोपतो आणि थोड्या वेळाने शाळेच्या बसची मुलं उभी राहतात, तिथे पहिल्या मिनिटांतला सगळा कच्चा धूर तसाच कोंडून राहणार. त्यासाठीच तो पंप आहे. मी सिस्टीम बंद करण्याचं काम घेत नाही, आणि का घेत नाही तेही त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग नीटच करा."

नवा सोलेनॉइड, व्हॅक्यूमच्या नव्या नळ्या, नवा पंप. मुख्य पाइप धुऊन, हवेने फुंकून कोरडा केला, नाहीतर आत साचलेलं पाणी नव्या पंपाच्याच नशिबी आलं असतं. सोलेनॉइडची किंमत पंपापुढे किरकोळ होती.

काम झालं म्हणून गाडी लगेच दिली नाही. स्कॅनरवरून पंप फिरवता येतो, पण ईसीयू स्वतः या सिस्टीमची परीक्षा घेतो ती गार स्टार्टलाच, आणि जुलैत भर दुपारी आमच्या पत्र्याखाली इंजिन काही गार होत नाही. रात्रभर गाडी शेडमध्ये ठेवली. सकाळी शटर उघडल्या उघडल्या स्कॅनर जोडून स्टार्टर मारला. पंप लागला, दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजन सेन्सरांनी जास्तीची हवा दाखवली. पंप थांबल्यावर व्हॅक्यूमच्या मीटरवर नजर ठेवून उभा राहिलो. बराच वेळ गेला तरी सुई शून्यावरून हलली नाही आणि दोन्ही बाजूंची ट्रिम जागेवर राहिली. मग बाईंना फोन केला.

दिवाळीनंतर त्यांच्याच सोसायटीतली तशीच दुसरी गाडी आली. तिचा कोड मात्र एकाच बाजूचा होता, म्हणून पंपाला हात न लावता आधी त्या बाजूचा व्हॉल्व्ह काढला. काजळी बसून तो अर्धवटच उघडत होता आणि नीट मिटतही नव्हता. नळी नुकतीच ओली व्हायला लागली होती आणि पंप अजून शाबूत होता.