दारं उघडी ठेवा : आमची वाटचाल

कूलर भाड्याने देण्याच्या आमच्या धंद्याची सुरुवात फजितीने झाली. पहिलंच मोठं काम एका गोदामाचं. चाकांवरचे सहा कूलर आत ढकलले आणि दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. एसीची सवय, दुसरं काय! तासभर सगळे खूश. दुपारपर्यंत कामगारांचे शर्ट अंगाला चिकटले, पुठ्ठ्याची खोकी मऊ पडली. संध्याकाळी मालकाने कूलर उचलायला सांगितले. भाडं मागायला आम्हाला तोंडच नव्हतं.

मग बसून नीट शिकलो. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतली सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता खर्च होते, त्यामुळे हवा गार होते. पण वाफ जाते कुठे? त्याच हवेत. तिला बाहेर काढली नाही तर कूलरच्या पॅडवरचं, म्हणजे हवा ज्यातून आत येते त्या ओल्या जाळीवरचं, पाणी सुकेनासं होतं आणि उरतो नुसता ओला पंखा. आता आम्ही कूलरची पाठ उघड्या दाराकडे करतो आणि समोरच्या भिंतीतल्या खिडक्या उघड्या किंवा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवायला लावतो.

ऑर्डर घेण्याआधी दोन थर्मामीटर घेऊन जागेवर जातो. एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं असतं, त्यावर वारा घालायचा. कूलर हवा जास्तीत जास्त किती गार करू शकेल, ते हा ओला थर्मामीटर सांगतो. हवा 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर ओला थर्मामीटर 22 च्या आसपास थांबतो. चांगला कूलर 26 पर्यंतची हवा देतो. तेच 35 अंश आणि 70 टक्के असेल, तर ओला 30 च्या आसपासच अडतो. अशा ठिकाणी आम्ही सरळ नाही म्हणतो. भागीदार अजून कुरकुरतो.

उघड्यावरची कामं मला जास्त आवडतात, कारण तिथे वाफ कोंडण्याची भीती नसते. अडचण वाऱ्याची. कूलर वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून ठेवला की गारवा तिथल्या तिथे उधळतो. अख्खं मैदान गार करायच्या फंदात पडू नये. माणसं जिथे उभी राहून काम करतात तिथेच झोत सोडावा. सावली मात्र हवीच.

देखभालीकडे आम्ही सुरुवातीला दुर्लक्ष केलं, त्याची शिक्षा वासाने दिली. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि पॅडची भोकं बुजवतात. त्यामुळे टाकीतलं पाणी ठरलेल्या वेळी ओतून टाकतो, काम संपल्यावर पंप बंद करून पंखा तेवढा चालवतो, पॅड कोरडे होईपर्यंत. दमट दिवस लागले की सगळे कूलर उघडून घासायला बसतो, त्यात भागीदारही असतो, कुरकुरत.