दोन सुती स्क्रू आणि कानाची प्लेट: आमची वाटचाल

कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूचं पाव इंची, म्हणजे दोन सुती, भोक सहसा एकच असतं. त्यात पट्ट्याचा हुक लावला तर ट्रायपॉडवर कॅमेरा अडकवायची प्लेट कुठं लावायची, आणि प्लेट लावली तर पट्टा कशाला अडकवायचा? दोन कॅमेरे खांद्यावर आणि ट्रायपॉड काखेत घेऊन ज्यांनी लग्नांचे फोटो काढले आहेत, त्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. कॅमेऱ्याचे पट्टे आणि प्लेटा बनवायचा आमचा धंदा त्या एका भोकापायी उभा राहिला आणि त्या भोकापायीच एकदा बुडायला आला होता.

वडिलांचं पुण्यात रविवार पेठेत बॅगा शिवायचं दुकान होतं. कॅमेऱ्याचे पट्टेही आम्ही शिवायचो. 2012 च्या मे महिन्यात साताऱ्याकडचे एक फोटोग्राफर आले. पुढं ते घरचेच झाले, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते बुडाच्या भोकात हुक पिळून तिरका पट्टा वापरायचे. स्टेजवर ग्रुप फोटो घ्यायचे तर हुक सोडा, प्लेट लावा. खाली उतरायचं तर प्लेट काढा, हुक लावा. आदल्या आठवड्यात एका लग्नात शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला, आणि अण्णांच्या हातात अजून स्क्रूच होता. तो क्षण परत कोण देणार? त्यांनी प्लेट काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "याला कान पाडून द्या. पट्टा कानात राहील, प्लेट बुडाला राहील."

वडील म्हणाले, "चामड्याला कान आपण रोज पाडतो. अ‍ॅल्युमिनियमला कोण पाडणार?"

ते काम भोसरीतल्या एका लेथवाल्या काकांनी केलं. पहिली दहा नगं त्यांनी हातानं केली. शेजारी शेजारी दोन भोकं पाडायची, मधली भिंत कापायची, की पट्टा ओवायची लांबट खाच, म्हणजे कान, तयार. मग गोल कानस. कानाची कड धारदार राहिली की नायलॉनची निवार आतून कुरतडली जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून काका पॉलिश पेपर मारल्यावर कानातून सुती दोरा ओढून बघायचे. दोऱ्याचा एक जरी तंतू उचकटला तरी पुन्हा कानस. आज आमच्या प्लेटा सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, निघतात, तरी दोरा ओढल्याशिवाय एकही प्लेट डबीत जात नाही.

पहिला कान आम्ही चुकीच्या बाजूला पाडला होता. आर्का पद्धतीच्या प्लेटला, म्हणजे ज्या साधारण 38 मिलिमीटर रुंद असतात त्यांना, ट्रायपॉडचा जबडा दोन्ही लांब कडांना पकडतो. आमचा कान नेमका लांब कडेला. पट्टा जबड्यात आला आणि जबडा मिटेना. मग कान आखूड कडेला घेतला. तेव्हा दुसरं दुखणं निघालं. वजन कडेवरून लोंबतं, त्यामुळे चालताना प्लेट बुडावर फिरते आणि फिरता फिरता स्क्रू सैल होतो. ताडोब्याच्या जिप्सीत बसणाऱ्यांच्या प्लेटा तर दिवसभराच्या हादऱ्यांनी संध्याकाळपर्यंत हातानं फिरायच्या. त्यावर काकांनी प्लेटला मागच्या बाजूनं बोटभर ओठ काढला, तो बॉडीच्या पाठीला टेकतो आणि प्लेटला फिरू देत नाही. प्लेटवरचं रबर जाड होतं तेही पातळ केलं, कारण मऊ जाड रबर दबतं आणि स्क्रू घट्ट करूनही प्लेट डुलत राहते.

शिवण माझ्याकडे. चौकटीत फुली, बाँडेड नायलॉनचा दोरा, आणि वरचा पाय चालणारं जड मशीन. साध्या मशीनवर निवारीचे दोन थर एकमेकांवर सरकतात. ते मशीन मी जुनं घेतलं होतं. त्याचा आवाज अजून कानात आहे.

2016 साली दिवाळीच्या आधी मुंबईच्या बोरा बाजारातल्या एका दुकानाची 300 प्लेटांची ऑर्डर आली. काकांचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मी काम दुसऱ्या एका मोठ्या वर्कशॉपला दिलं. प्लेटा दिसायला काकांच्यापेक्षाही सुबक आल्या. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात कोल्हापूरहून फोन आला. कार्यालयाच्या पायरीवर कॅमेरा पडला होता, लेन्सचा माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी, तुटला होता. दोन दिवसांनी नाशिकहून फोन. मग सांगली.

मी प्लेट घेऊन भोसरीला गेलो. काकांच्या डोळ्याला अजून हिरवी पट्टी होती. त्यांनी स्क्रूवर नखानं आटे चाचपले आणि म्हणाले, "हा दोन सुती नाही रे. हा एम सहा आहे."

जाणकारांना एवढं पुरे, पण नव्यांसाठी सांगतो. कॅमेऱ्याच्या बुडाचं भोक पाव इंची, म्हणजे आपल्या बोहरी आळीच्या, हार्डवेअर बाजाराच्या भाषेत दोन सूत, इंचाला 20 आटे. मिलिमीटरमध्ये जाडी 6.35 आणि दोन आट्यांमधलं अंतर 1.27. एम सहा हा मिलिमीटरच्या मापाचा स्क्रू, जाडीला 6 आणि अंतर 1. डोळ्यांना दोन्ही सारखेच. तो दोन सुती भोकात दीड-दोन फेऱ्या जातो आणि अडतो. माणसाला वाटतं, घट्ट बसला. प्रत्यक्षात तो कडेच्या आट्यांवर कसाबसा लटकलेला असतो आणि जोर लावला की कॅमेऱ्याचे आटे खातो. आमच्या टेबलावर तपासणीला जुना कॅमेरा होता, त्याचे आटे इतक्या वर्षांत झिजलेले. त्यात तो स्क्रू बिनबोभाट फिरला आणि मी माल पास केला. ती चूक माझी, आणि ती मी कधी नाकारली नाही.

वर्कशॉपच्या मालकांनी मात्र हात झटकले. दोन सुती स्क्रू संपले म्हणून त्यांच्या माणसानं शेजारच्या खोक्यातले घातले होते. "तुमच्या ड्रॉइंगवर नुसतं पाव इंच लिहिलंय, आट्यांचं काही लिहिलेलं नाही," हे त्यांचं उत्तर. पाव इंच लिहिल्यावर एम सहा कसा येतो, याचा खुलासा मला आजवर मिळालेला नाही. पैसेही मिळाले नाहीत.

मी बिलबुकं उघडली आणि एकेकाला फोन लावले. ज्यांना येता येईना त्यांच्याकडे एसटीनं गेलो. खिशात स्क्रूचे आटे तपासायचं रिंग गेज, पिशवीत नवे स्क्रू. खराब झालेल्या भोकांना हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून दिलं, तुटलेल्या लेन्सचं बिल भरलं. त्यासाठी ते शिवणाचं मशीन विकावं लागलं. टेम्पोत चढवताना वडील दुकानाबाहेर आले नाहीत.

आणि त्याच वेळी, जो गृहस्थ चार वर्षं आमचा माल घेऊन दुकानांना पुरवत होता, त्यानं स्वतःची प्लेट बाजारात आणली. आमचाच आकार, आमचाच ओठ. कान मात्र पत्र्याचा, वाकवून रिव्हेट मारलेला. दुकानात तो सांगायचा, "त्यांच्या पट्ट्यातून कॅमेरे पडतात." कॅमेरे स्क्रूमुळे पडले होते, पट्ट्याचा एक टाकाही उसवला नव्हता. हे त्याला माहीत होतं. आमची पहिली दहा नगं त्यानं स्वतः हाताळली होती. किंमत पाडून विकणं मी समजू शकतो, बाजार आहे. पण ज्या शिवणीवर वडिलांचे डोळे गेले तिला नाव ठेवलं, ते मी विसरलेलो नाही.

त्या फेब्रुवारीत अण्णा आले. त्यांच्या ओळखीच्या फोटोग्राफरांच्या 40 प्लेटा आणि 40 पट्ट्यांचे पैसे आगाऊ ठेवले आणि पावती मागितली नाही. काकांनी एका डोळ्यानं त्या 40 प्लेटा केल्या. जुन्या मशीनच्या जागी त्याच पैशांतून दुसरं आणलं. त्यानंतरची वर्षं कामात गेली.

आता पट्टा घ्यायला येणाऱ्यांना मी जे तोंडी सांगतो ते इथंही सांगतो. आधी तुमच्या ट्रायपॉडचा जबडा बघा, पट्टा नंतर. मॅनफ्रोटो कंपनीच्या आरसी टू जातीची प्लेट आर्काच्या जबड्यात सहसा बसत नाही, आणि आर्कामध्येही वेगवेगळ्या कंपन्यांची रुंदी केसभर कमी-जास्त असते. फिरकीचा जबडा ते सांभाळून घेतो, खटक्याचा नेहमीच घेतो असं नाही. म्हणून येताना जबडा घेऊन या. प्लेट लावल्यावर बॅटरीचं झाकण उघडतं का, ते दुकानातच बघा. स्क्रूला घडीची कडी असते ती पिळायला असते. तिच्यात पट्टा अडकवू नका, कारण पट्ट्याच्या प्रत्येक हिसक्यानं तीच फिरते. 70-200 सारखी जड लेन्स असेल तर प्लेट लेन्सच्या पायाला लावा, बॉडीच्या बुडाला नाही; बुडाला लावली तर सगळा भार माउंटवर येतो. आणि बुडाच्या स्क्रूवर एकट्यावर कधीच विसंबू नका, एक बारीक दोरी बॉडीच्या वरच्या कडीतूनही घ्या.

पट्टा निघणारा हवा हेही बघा. रात्री उघड्या माळावर तीस सेकंदांचं एक्स्पोजर लावलं आणि पट्टा वाऱ्यावर फडफडला की तारे दुहेरी येतात. आमचे पट्टे खटक्यानं सुटतात, दोन इंचांचा शेपटा तेवढा प्लेटच्या कानात राहतो.

काका आता काम करत नाहीत, पण त्यांची गोल कानस आमच्याकडे आहे. अण्णांची पहिली प्लेट मागच्या महिन्यात रबर बदलायला आली होती. काळा रंग उडालाय, कानाची आतली कड अजून गुळगुळीत आहे.

शनिवारी दुपारी मी दुकानात असतो. प्लेट कुणाचीही असो, त्या गृहस्थाची असली तरी, घेऊन या. रिंग गेज काउंटरवरच असतं, आटे तपासायचे पैसे आम्ही घेत नाही.