तुम्ही विचारलंत म्हणून: वॉट का वाढवत नाही?

पेट्रोलपंपावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत आ वासून बसलेलो असताना हाच प्रश्न: "सर, खिंड ओलांडली की तुमच्या कॉलेजचा रेडिओ खरखरतो. थोडे वॉट वाढवा की!"

आमचा ट्रान्समीटर 50 वॉटचा. जुन्या पिवळ्या बल्बएवढा. अँटेनातून निघणारी प्रभावी ताकद (लहरी एकवटून अँटेना ती ट्रान्समीटरच्या वॉटपेक्षा वाढवते) 100 वॉटच्या पुढे जाऊ द्यायची नाही, मनोरा 30 मीटरच्या वर न्यायचा नाही, ही परवान्यातली अट. आकाशवाणीची मोठी एफएम केंद्रं 10 किलोवॉटवर चालतात, त्यांच्याशी आमची काय बरोबरी! आणि एफएमच्या लहरी जवळपास नाकासमोर जातात. डोंगर आडवा आला की शंभराचे दोनशे वॉट करूनही पलीकडे फारसं काही पोचत नाही.

खरं घोडं अडतं ते कागदावर. लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, असं सुप्रीम कोर्टानं 1995 मध्येच सांगितलं. तरी शिक्षणसंस्थांना केंद्र काढायची मुभा मिळायला 2002 चा डिसेंबर उजाडला. एक फाईल माहिती-प्रसारण खात्यात, दुसरी फ्रिक्वेन्सी देणाऱ्या दूरसंचारवाल्यांकडे. 2012 मध्ये लहरींचं वार्षिक शुल्क 19,700 वरून एकदम 91,000 रुपये झालं, तेव्हा देशभरातल्या आमच्यासारख्या सामुदायिक रेडिओ केंद्रांनी एक दिवस मौन पाळलं. पुढे ती वाढ मागे घेतली गेली. आमचं नूतनीकरण मात्र सात महिने लटकलं, कारण अर्जावर संस्थेचं 'मंडळ' होतं आणि शिक्क्यावर 'मंडळी'. एका वेलांटीपायी मी चार वेळा प्रतिज्ञापत्र केलं. (नोटरी आता मला चहा पाजतो.)

गेल्या श्रावणात खिंडीअलीकडेही खरखर सुरू झाली. मीटरवर परत येणारी ताकद वाढलेली, म्हणजे निम्मी मेहनत अँटेनापर्यंत पोचतच नव्हती. शिपाईमामांनी गच्चीवर छत्री धरली, मी केबलचा कनेक्टर उघडला. तळहातावर चमचाभर पाणी सांडलं. पुसलं, वाळवलं, नवी टेप गुंडाळली.

खाली येतो तोच वरच्या आळीतल्या काकूंचा फोन. "आज अगदी खणखणीत लागतंय हो सर. वाढवलेत ना शेवटी वॉट?"